फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमधला घुमणारा आवाज आणि न ओढणारी पुढची चाके: ट्रान्सफर केस बदलण्यापूर्वी काय तपासावे?

आपण लिहिले आहे की आपल्या पार्ट-टाइम (एरवी मागच्या चाकांवर चालणाऱ्या, लागेल तेव्हाच पुढची चाके जोडणाऱ्या) फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या वेगात मागून घुमल्यासारखा आवाज येतो, रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना खालून ‘खट्ट’ होते, आणि फोर-हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ओढ देणारी स्थिती) लावल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लागूनही चिखलात पुढची चाके ओढत नाहीत. मेकॅनिकने ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी, बदलायला सांगितली आहे. तसे करावे का, हा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की आत्ता तरी करू नये, कारण या तीन तक्रारींचे मूळ एकच असेल असे मानायला आपल्या वर्णनात काहीही आधार दिसत नाही. जुन्या गाडीत तीन वेगळे दोष एकाच सुमारास ध्यानात येणे नवलाचे नाही. एक आवाज खुपू लागला की कान बाकीचेही टिपू लागतात.

घुमण्यापासून सुरुवात करू. मी स्वतः एकदा अशाच आवाजासाठी मागच्या डिफरन्शियलची (अ‍ॅक्सलच्या मध्ये बसून दोन्ही चाकांना ओढ वाटणाऱ्या गिअरसंचाची) बेअरिंगे बदलून घेतली होती, आणि त्यानंतर पहिल्याच फेरीत आवाज जसाच्या तसा आला. शेवटी तो मागच्या टायरांची नक्षी असमान झिजल्यामुळे येत होता असे निघाले. तेव्हापासून मी आधी टायरांवरून तळहात फिरवतो. एका दिशेने हात सरळ जातो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडतो, असे झाले तर संशय टायरांवर घ्यावा. टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. पुढची आणि मागची चाके आपसांत बदलली आणि आवाजाचीही जागा बदलली, तर काहीही उघडण्याची गरज नाही.

टायर निर्दोष निघाले, तर मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जाऊन तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वेग तोच ठेवून एक्सलरेटर किंचित दाबावा आणि सोडावा. ओढ देताना एक सूर आणि पाय उचलल्यावर दुसरा सूर येत असेल, किंवा दोहोंपैकी एकातच आवाज येत असेल, तर दोष बहुधा क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारे छोटे चक्र यांच्या) दातांत किंवा पिनियनच्या बेअरिंगमध्ये असतो. दुसरी, गाडी हलकेच डावीकडे व उजवीकडे झुलवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचे व्हील बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचे. तिसरी, इंजिन चालू ठेवूनच क्षणभर न्यूट्रल करावे. गाडी घरंगळताना आवाज तसाच राहिला तर तो इंजिनचा नाही, हे तरी निश्चित होते.

आवाजाबरोबर कंप जाणवत असेल, तर थोडे गणित फार उपयोगी पडते. टायरचा घेर २.४ मीटर धरला, तर ताशी ७२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २० मीटरला, चाक सेकंदाला सुमारे ८ वेळा फिरते. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.१० असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (ट्रान्सफर केसपासून अ‍ॅक्सलपर्यंत ओढ नेणाऱ्या दांड्याचे) ४.१० फेरे होत असतील, तर तो शाफ्ट त्याच सेकंदात सुमारे ३४ वेळा फिरतो. म्हणून चाकाचा दोष सावकाश डुगडुगल्यासारखा वाटतो, तर शाफ्टचा दोष सीटमध्ये आणि आरशात बारीक थरथर आणतो. युनिव्हर्सल जॉइंटचा, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणाऱ्या सांध्याचा, अधिक चिन्हासारखा क्रॉस खराब असेल, तर एका फेऱ्यात दोनदा धक्का बसतो आणि थरथर आणखी बारीक होते.

‘खट्ट’ आवाजाचा तपास गाडीखाली जाऊनच होतो, आणि इथे एक सावधगिरी मी दोनदा सांगितली तरी ती जास्त होणार नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, किंवा मागचा शाफ्ट सोडवला असेल, तर गिअर पार्कमध्ये असूनही गाडी घरंगळू शकते. हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून पाचर लावावी, आणि गाडी उचलायची असेल तर ती नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर बसवावी. मग क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) दोन हातांत धरून एकमेकांविरुद्ध पिळावेत. शाफ्ट थोडा फिरणे हा दात्यांमधला नेहमीचा प्ले, म्हणजे मोकळीक, असतो, पण योक आणि क्रॉस यांच्यामध्ये हलणे कधीच नेहमीचे नसते. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटेच्या चुऱ्यासारखी तांबडी पूड दिसली, तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत आणि ग्रीस मारून आता फरक पडणार नाही. क्रॉस बदलावा लागेल. असा क्रॉस गाडी हळू निघताना पक्ष्यासारखा चिवचिवतो, हीही त्याची खूण आहे. याउलट धक्का गाडी पूर्ण थांबल्यानंतर क्षणभराने बसत असेल, तर शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनमधले (एकमेकांत सरकणाऱ्या खाचांच्या जोडातले) ग्रीस संपलेले असते आणि ते भरले की काम भागते. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही टोकांवर रंगाने खूण करून ठेवावी. तो दुसऱ्याच स्थितीत बसवला गेला, तर पूर्वी नसलेला कंप नव्याने सुरू होऊ शकतो. त्याच वेळी शाफ्ट पिनियनजवळ धरून वर-खाली हलवून पाहावा. तिथे हालचाल जाणवली, तर घुमण्याचे कारणही बहुधा तिथेच आहे. अशा वेळी पिनियनचा नट नुसता आवळून घेणे हा घातक उपाय आहे, कारण त्या नटावर बेअरिंगचा नेमका ताण ठरलेला असतो.

आता पुढच्या चाकांकडे वळतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर मी मुळीच विसंबत नाही. बऱ्याच गाड्यांत तो ट्रान्सफर केसमधल्या स्विचवर चालतो आणि पुढचा अ‍ॅक्सल जोडला गेला की नाही, हे त्याला ठाऊक नसते. कच्च्या रस्त्यावर फोर-हाय लावून काही मीटर सरळ जावे, म्हणजे दाते बसतात. मग गिअर पार्कमध्ये टाकून इंजिन बंद करावे, मागच्या चाकांना पाचर लावावी आणि पुढची दोन्ही चाके उचलावीत. पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला, तर ट्रान्सफर केस जोडली गेलेली नाही, आणि मग फोर-हाय लावणारी शिफ्ट मोटर, तिचा सेन्सर आणि आतला फोर्क (जोड सरकवणारा काटा) या क्रमाने शोध घ्यावा. शाफ्ट किंचित हलून घट्ट अडला, तर आपली ट्रान्सफर केस तिचे काम करत आहे. त्यानंतर एक पुढचे चाक हाताने फिरवावे. लॉक नसलेले साधे डिफरन्शियल असेल, तर दुसरे चाक उलट दिशेने फिरले पाहिजे. ते स्थिर राहिले, तर जोड कुठेतरी तुटला आहे. फिरवलेल्या चाकाबरोबर त्याचा अ‍ॅक्सल शाफ्ट फिरत नसेल तर त्या बाजूचे हब (चाकाला अ‍ॅक्सल शाफ्टशी जोडणारा भाग) लॉक होत नाही. फिरत असेल तर डिफरन्शियलजवळची जोडणी किंवा पलीकडचे हब पाहावे. ही जोडणी व्हॅक्यूमवर (हवेच्या शोषणावर) चालत असेल, तर तडकलेली रबरी नळी हे कारण इतक्या वेळा सापडते की मी सर्वांत आधी तीच वाकवून पाहतो. विजेवर चालत असेल, तर कनेक्टर उघडून आत हिरवट गंज आहे का ते पाहावे. आपण दिलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज ट्रान्सफर केसपेक्षा याच भागाकडे झुकतो.

कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून तीव्र वळण घेतल्यास स्टिअरिंग जड होते आणि गाडी अडखळत उड्या मारते, हा दोष नव्हे. पार्ट-टाइम यंत्रणेत पुढचे आणि मागचे शाफ्ट एकत्र बांधले जातात, वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात, आणि तो फरक निघून जायला घसरडी जमीन लागते. सरळ रस्त्यावरही तसे होत असेल, तर चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले आहेत का ते पाहावे.

ट्रान्सफर केस उघडायची वेळ आली, असे मी केव्हा म्हणेन? फोर-हायमध्ये जोर देताना आतून साखळी दात्यांवरून उडाल्यासारखे धडाधड आवाज आले तर, किंवा तेल काढल्यावर त्यात धातूचे कपचे दिसले तर. चुंबकी प्लगवर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असतो, तो नेहमीच्या झिजेचा असतो. बोटांना टोचणारे तुकडे नसावेत. तेल काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का हे पाहून घ्यावे, नाहीतर रिकामी केस आणि अडकलेला प्लग अशी पंचाईत होते. नवे तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच घ्यावे, कारण डिफरन्शियलला चालणारे जाड गिअर ऑइल ट्रान्सफर केसला चालेलच असे नाही; अनेक ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल लागते.