अवकाशातला स्फोट ऐकू येतो का?

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी आम्ही भाड्याने घेतलेले विज्ञानपट घरी पाहतो. अवकाशातील स्फोटांचा आवाज खरा असतो का, असे माझी मुलगी विचारते. काय सांगावे?

उत्तर : मुलीची शंका अगदी रास्त आहे. ध्वनीला प्रवासासाठी हवेसारखे माध्यम लागते आणि अवकाशात ते जवळजवळ नसल्यामुळे, स्फोट कितीही मोठा असला तरी दूरच्या यानात तो ऐकू येणार नाही. येत्या रविवारी १९६८ सालचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ अवश्य पाहा. तो संथ आहे, परंतु त्यात अंतराळवीर शिरस्त्राणाविना यानाच्या कक्षात फेकला जातो, तेव्हा पडद्यावर नि:शब्द शांतता असते आणि दार बंद होऊन हवा आत शिरू लागते, तेव्हाच आवाज उमटतो. एवढे दृश्य पंखा बंद करून तिला दोनदा दाखवा.