चाकू लागला म्हणून कॅन्सर पसरला का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही चोपडा तालुक्यातले. नानांना (वय 61) गुदाशयाचा कॅन्सर निघाला, जळगावला डायरेक्ट ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी आहे. गाठ लिंबाएवढी होती तरी आतडं अन् भोवतालची सगळी चरबी काढली. आता रिपोर्टमध्ये 16 पैकी 2 गाठींत कॅन्सर आलाय. गावात म्हणतात चाकू लागला म्हणूनच पसरला, आता केमो देऊ नका. खरंय का?

उत्तर : नाही दादा, चाकूने नाही पसरला. त्या 2 गाठी म्हणजे लसिकाग्रंथी, कॅन्सर तिथे ऑपरेशनच्या आधीच पोचला होता, आता तपासल्यावर कळलं एवढंच. गुदाशयाभोवती चरबीचं आवरण असतं, मेसोरेक्टम म्हणतात त्याला, या मुगा-हरभऱ्याएवढ्या ग्रंथी त्यातच असतात आणि पेशी निसटल्या की बहुतेक वेळा आधी इथेच अडकतात. पूर्वी सर्जन आत हात घालून गुदाशय मोकळा करायचे, त्यात आवरण फाटायचं, थोडं मागे राहायचं अन् बऱ्याच पेशंटला पुन्हा त्याच जागी कॅन्सर उगवायचा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये हे नेमकं दाखवून दिलं, आणि आवरणाच्या बाहेरून, डोळ्यांनी बघत, सगळं एकसंध काढायची पद्धत रुजवली. तीच टीएमई, म्हणजे टोटल मेसोरेक्टल एक्सिजन, आख्खं मेसोरेक्टम काढणं. दादर ज्वारीचं गाठोडं न सोडता उचललं तर दाणा सांडत नाही, तसं. त्यामुळे त्याच जागी परत येण्याचं प्रमाण चांगल्या हातात 10 टक्क्यांच्या खाली आलं, माझ्या मते या आजारात सर्जनच्या हातून घडलेला सगळ्यात मोठा बदल हाच.

रिपोर्ट परत काढून बघा. निदान 12 ग्रंथी तपासायला हव्यात, तुमच्या 16 आहेत, चांगलं आहे. आवरण अखंड आहे का आणि काढलेल्या भागाची बाजूची कड कॅन्सरपासून 1 मिलिमीटरपेक्षा लांब आहे का, ते लिहिलेलं असतं, नसेल तर सर्जनना विचारा, विचारायला लाजू नका.

1 ते 3 ग्रंथींत कॅन्सर असला तर त्याला एन1 म्हणतात, म्हणजे नानांची तिसरी स्टेज. बरी होऊ शकणारी स्टेज आहे ही! पण रक्तातून एखादी पेशी लांब गेली असेल तर तिथे चाकू पोचत नाही, त्यासाठीच केमो, आणि ती साधारण ऑपरेशननंतर 8 आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. शेक (रेडिएशन) लागेल का ते कड अन् बाकी रिपोर्ट बघून ठरेल. लोकांचं ऐकत बसू नका, जखम भरली असेल तर याच आठवड्यात नानांना घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरकडे जा, तपासणीच्या स्लाइड (काचा) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेले तुकडे) सुद्धा मागून घ्या.