60 एकर आणि गोठा, घेऊ का?

प्रश्न : शहाद्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी 60 एकर कोरडवाहू जमीन गोठ्यासकट विकायची आहे, कॉलेजचं गाव जवळ म्हणून दूध हातोहात जाईल असं दलाल म्हणतो, घेऊ का? – एक वाचक, धुळे

उत्तर : दादा, दूध जाईल हो, मेसवाले सुट्टीत गायब होतात तेवढं धरा, पण आधी सातबारा काढून इतर हक्काचा रकाना वाचा, जमीन आदिवासी खातेदाराची निघाली तर परवानगीशिवाय व्यवहारच होत नाही, टोकन देऊन बसू नका. शिवाय 1961 च्या सीलिंग कायद्यात पाच जणांच्या कुटुंबाला कोरडवाहू 54 एकरच, तीही आधीची धरून! दलाल हे सांगणार नाही. मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं ते सालदाराला विचारा, मालकाला नको.