कॅमेऱ्याचा चष्मा: दिवा विझलेला असला म्हणून निश्चिंत राहू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या जिममध्ये एक जण कॅमेरा असलेला चष्मा घालून येतो आणि विचारलं की "बंद आहे" म्हणतो. तुमची मुलगी १६ वर्षांची आहे, तीही तिथेच येते आणि नवरात्रात गरब्याला जाणार आहे. असा चष्मा ओळखायचा कसा, कॅमेरा शोधणारं यंत्र घ्यावं का, आणि काही सापडलंच तर काय करायचं?

यंत्र घेऊ नका. आधी चष्मा ओळखायला शिका आणि मग जिमवाल्याकडून लेखी नियम करून घ्या. जास्त ताकद त्या नियमासाठी राखून ठेवा.

भारतात रे-बॅन मेटा हा कॅमेऱ्याचा चष्मा (मेटा म्हणजे फेसबुकची कंपनी) मे २०२५ पासून अधिकृतपणे मिळतो. सुरुवातीची किंमत २९,९०० रुपये होती. लांबून तो साध्या काळ्या फ्रेमसारखाच दिसतो, पण समोरून नीट पाहिलं तर काड्या जिथे फ्रेमला जोडतात त्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत एकेक गोल टिकली दिसते. एका टिकलीत कॅमेऱ्याची काच असते, दुसरीत पांढरा दिवा. काड्याही नेहमीच्या चष्म्यापेक्षा जाड असतात, कारण बॅटरी, स्पीकर आणि माइक त्यांच्यातच बसवलेले असतात. फोटोचं बटण उजव्या काडीच्या वरच्या कडेला आहे. ते एकदा दाबलं की फोटो निघतो, दाबून धरलं की व्हिडिओ सुरू होतो. पहिल्या पिढीच्या चष्म्यात एक क्लिप जास्तीत जास्त ३ मिनिटांची होते, म्हणजे लांबलचक चित्रीकरण करणाऱ्याचा हात पुन्हा पुन्हा त्या काडीकडे जाणार. तेवढ्यावरून आरोप मात्र करू नका. घामाने घसरणारा चष्मा सावरतानाही हात तिथेच जातो, आणि बोलून हुकूम दिला तर हात न लावताही फोटो निघतो.

आता दिव्याबद्दल. फोटो काढताना तो क्षणभर चमकतो आणि व्हिडिओ चालू असेपर्यंत लागलेला राहतो. सेटिंगमधून तो बंद करता येत नाही. त्यावर चिकटपट्टी लावली तर चष्म्याला ते कळतं आणि झाकण काढा असं सांगून तो चित्रीकरण नाकारतो. ही सोय चांगली आहे, पण तिच्यावर विसंबण्यात तीन अडचणी आहेत. एक, भर उन्हात किंवा गरब्याच्या फ्लडलाइटखाली तो बारीक दिवा ४-५ पावलांवरून डोळ्यांत भरत नाही. दोन, फ्रेम कोरून दिवा निकामी करून देणारे लोक परदेशात उघडकीला आले आहेत. तीन, दुसऱ्या बनावटीच्या स्वस्त चष्म्यांना असा दिवा असेलच असं नाही. दिवा लागलेला दिसला तर चित्रीकरण चालू आहे असं समजा. दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. दिव्याच्या जागी ओरखडे, भोक, नेलपॉलिशचा ठिपका किंवा काळी टिकली दिसली, तर तो चष्मा बंद आहे हे कुणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका.

ब्लूटूथवरून ओळखण्याचा उपाय अर्धा कामाचा आहे. एनआरएफ कनेक्ट नावाचं मोफत ॲप आसपासची ब्लूटूथ उपकरणं दाखवतं आणि त्यांच्या जाहिरात-संदेशातला, म्हणजे 'मी इथे आहे' असं सांगायला ती जो छोटा संदेश सोडतात त्यातला, उत्पादकाचा क्रमांकही दाखवतं. ०१एबी आणि ०५८ई हे क्रमांक मेटाच्या दोन कंपन्यांचे आहेत, आणि ०डी५३ हा फ्रेम बनवणाऱ्या लक्झॉटिकाचा (यातली अक्षरं ॲपमध्ये रोमन दिसतील). सिग्नलची ताकद उणे ५० च्या आसपास असेल तर उपकरण हाताच्या अंतरावर समजा. उणे ८० ला ते खोलीच्या पलीकडे किंवा भिंतीआड असू शकतं. पण मेटाचा क्रमांक खेळायच्या व्हीआर हेडसेटलाही असतो. आणि उलट बाजूने, चष्मा मालकाच्या फोनशी एकदा जोडला गेला की तो असे संदेश फारसे पाठवतही नाही. क्रमांक दिसला तर लक्ष ठेवायला कारण मिळतं, न दिसण्याला अर्थ नाही.

बाजारातले 'कॅमेरा डिटेक्टर' यापेक्षाही कमी उपयोगाचे. ते रेडिओलहरी पकडतात, आणि जिममध्ये वीस फोन, वायफाय, ब्लूटूथचे हेडफोन असं सगळं एकदम वाजत असतं. शिवाय मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारा पेन किंवा बटण कॅमेरा काहीच प्रक्षेपित करत नाही, त्यामुळे नेमका तोच सुटतो. इन्फ्रारेड दिवे लावलेल्या 'कॅमेरा चकवणाऱ्या' टोप्याही घेऊ नका. अशा चष्म्याच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड गाळणारी काच असते, दिवसाउजेडी त्या टोपीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

चष्म्याइतकंच लक्ष बाकीच्या वस्तूंकडे हवं. ॲपल आणि सॅमसंगच्या सध्याच्या घड्याळांना कॅमेरा नसतो. सिमकार्ड टाकायच्या काही स्वस्त घड्याळांना आणि व्हिडिओ कॉलच्या लहान मुलांच्या घड्याळांना असतो. पेन, शर्टाचं बटण, गाडीच्या किल्लीसारखा दिसणारा कॅमेरा यांचं भोक १ ते २ मिलिमीटरचं असतं आणि बॅटरी सहसा तासा-दीड तासात संपते. म्हणून कपडे बदलायच्या खोलीत कुणी 'विसरलेला' पेन किंवा किल्ली दिसली तर तिला हात न लावता व्यवस्थापकाला बोलवा. ती न्यायला कोण परत येतं हेही बघायला हवं.

बदलायच्या खोलीची, किंवा मंगळ बाजारातल्या दुकानाच्या ट्रायल रूमची, तपासणी दोन मिनिटांत होते. दिवा बंद करा. फोनचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि ज्या दिशेने टॉर्च त्याच दिशेने बघत खोली हळूहळू न्याहाळा. कॅमेऱ्याची भिंग आलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवते, रात्री मांजराचे डोळे चमकतात तसंच. स्क्रूचं डोकं किंवा फरशीही चमकते, पण तुम्ही थोडं बाजूला सरकलात की ती चमक जाते किंवा जागा सोडते. भिंगेचा ठिपका तिथेच टिकून राहतो. एक ते तीन मीटरपर्यंत हे चांगलं जमतं. हुक, एक्झॉस्ट फॅनची जाळी, स्विचबोर्ड, खिळ्यांची भोकं आणि छताचा कोपरा आधी बघा. रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतात. तुमचा फोन ते पकडतो का, हे घरी टीव्हीच्या रिमोटवर आधी करून पाहा. आरशाला बोट लावून फट बघायची युक्ती भरवशाची नाही. त्याऐवजी आरशाला कपाळ टेकवा, दोन्ही तळहातांनी उजेड अडवा आणि टॉर्च आत मारा. मागे पोकळी असेल तर दिसते.

टॉर्चची ही युक्ती गरब्याच्या मैदानावर मात्र चालवू नका. चनियाचोळीवरचे आभले, टिकल्या, दागिने सगळंच चमकतं.

आता त्या माणसाशी कसं बोलायचं. त्याचा चष्मा नंबरचा असेल तर "काढा" म्हटल्यावर त्याला दिसणार नाही, आणि तिथेच वाद पेटतो. दृष्टी अधू असलेली काही माणसं हा चष्मा समोरची पाटी वाचून घ्यायलाही वापरतात. म्हणून आधी विचारा, मग पर्याय द्या: साधा चष्मा वापरा, नाहीतर डाव्या काडीच्या आतल्या बाजूचं बटण सरकवून हा बंद करा आणि कॅमेऱ्यावर स्टिकर लावा. गुजरातीत "भाई, चश्मा डब्बीमां मूको ने" एवढंच शांतपणे, चारचौघांत म्हणा. हिसकावून घेऊ नका. त्याने गुन्हा तुमच्यावर येतो. बोलताना अंतरही वाढवा. या कॅमेऱ्याची भिंग खूप रुंद कोनाची आहे आणि ऑप्टिकल झूम नाही, त्यामुळे ५-६ मीटरवरून चेहरा फोटोत अगदी लहान येतो.

फोटो काढलाच असेल आणि गोष्ट किरकोळ असेल, तर त्याच्या फोनवर समोर उभं राहून पुसायला लावा. चष्म्यातला फोटो ॲपमधून फोनच्या गॅलरीत येतो, आणि गॅलरीतून पुसलेला आयफोनमध्ये सुमारे ३० दिवस, गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवसांपर्यंत राहतो. ट्रॅशही रिकामी करायला सांगा. प्रकार बदलायच्या खोलीतला किंवा बाथरूममधला असेल तर याच्या अगदी उलट: काहीही पुसू देऊ नका. तोच पुरावा आहे. ११२ ला फोन करा, वेळ, जागा आणि तिथे हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा, जिमच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग राखून ठेवा असं व्यवस्थापकाला लेखी कळवा. चष्मा आणि फोन जप्त करणं पोलिसांचं काम.

कायद्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. रस्त्यावर किंवा मैदानात कपड्यांतल्या माणसाचा फोटो काढणं एवढ्यानेच गुन्हा होत नाही, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा निव्वळ वैयक्तिक वापराला लागू नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बाईचं खासगी क्षणांतलं, म्हणजे कपडे बदलताना किंवा शौचालयात असतानाचं, चित्रण करण्याला लागतं. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, पुन्हा केलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. सतत मागे लागणं कलम ७८ मध्ये येतं. आयटी कायद्याचं कलम ६६ई पुरुषांनाही संरक्षण देतं: गुप्तांगांचं संमतीवाचून चित्रण केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची मुलगी १८ च्या आतली, म्हणून तिच्या बाबतीत पॉक्सोही (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागू शकतो, हे तक्रारीत तिचं वय लिहून स्पष्ट करा. हद्दीचं कारण सांगून कुठलंही ठाणं परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर नोंदवता येतो. गुजरातेत बायकांसाठी १८१ अभयम आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. काही नेटवर आलंच तर केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. १८ वर्षांखालच्यांचे फोटो रोखायला 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, प्रौढांसाठी 'स्टॉप एनसीआयआय'. दोन्हीकडे फोटो पाठवावा लागत नाही, फक्त त्याचा अंकी ठसा, म्हणजे फोटोवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा संकेत, जातो.

जिमवाल्याकडून नियम करून घ्या, आणि त्यात "चष्मा बंद ठेवावा" असं लिहू देऊ नका, कारण बंद आहे की नाही हे कुणाला तपासता येणार नाही. पाटीवर गुजराती, मराठी आणि हिंदीत असं असावं: "कॅमेरा असलेला चष्मा, घड्याळ किंवा पेन बदलायच्या खोलीत व बाथरूममध्ये नेण्यास पूर्ण मनाई. व्यायामाच्या हॉलमध्ये तो डबीत, लॉकरमध्ये. पहिल्या उल्लंघनाला सभासदत्व रद्द." हीच ओळ प्रवेशअर्जावर सहीच्या वर छापून घेतली की पुढे "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

गरब्याच्या मैदानावर अशी बंदी टिकणार नाही, हजारो फोन आधीच उंचावलेले असतात. तिथे आयोजकांकडे एवढंच मागा: कपडे बदलायचे तंबू आणि फिरती शौचालयं यांच्या तोंडाशी बाई स्वयंसेवक, आत कॅमेऱ्याचा चष्मा किंवा हातात फोन घेऊन कुणी नाही, आणि पासच्या मागे ती अट छापलेली. मुलीला शक्य असेल तर घरूनच तयार होऊन पाठवा. तिच्या फोनमध्ये ११२ आणि १८१ हे दोन्ही नंबर आजच घालून ठेवा.