वजन तेवढेच, मग ताकद कुठे गेली?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. पाच वर्षांत त्यांचे वजन ६२ किलोवरून फारसे हललेले नाही, पण बलकांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) बाकावरून उठताना ते आता हात टेकतात आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण माझ्याकडे उघडायला देतात. व्यायामशाळेतल्या वजनकाट्याने मात्र ‘स्नायू उत्तम’ अशी चिठ्ठी दिली. खरे काय ते कसे कळावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातली बरणी मला त्या चिठ्ठीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. उतारवयात स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे काटा तेवढाच आकडा दाखवत राहतो. या झिजेला १९८९ साली सार्कोपेनिया हे नाव मिळाले तेव्हा लक्ष स्नायूंच्या प्रमाणावर होते. पुढे ताकद त्याहून वेगाने घटते असे दिसून आल्याने आता सुरुवात ताकदीपासून करतात.

मुठीची पकड डायनामोमीटरने, म्हणजे मुठीत दाबायच्या ताकदमापकाने मोजतात. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी पकड ही क्षीण समजली जाते. घरी करण्याजोगी चाचणी खुर्चीची आहे : जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी (बलकांवातला बाक किंवा आरामखुर्ची चालणार नाही), वडिलांनी हात छातीवर घेऊन पाच वेळा पूर्ण उठावे व बसावे आणि आपण शेजारी उभे राहून वेळ मोजावी. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पुढील तपासणी करून घ्यावी. गुडघे दुखत असतील तर हा वेळ स्नायूंचा नसून गुडघ्यांचा असू शकतो, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने, न आवळता मोजावा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ पेक्षा कमी घेर शंकेला जागा देतो. मात्र पायाला सूज असेल तर टेप फसवते, म्हणून आधी अंगठ्याने नडगीवर दाबून खळगा राहतो का ते पाहावे.

आता त्या काट्याविषयी. तो शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून पाण्याच्या प्रमाणावरून स्नायूंचा अंदाज बांधतो. नुकतेच जेवण, भरपूर पाणी किंवा सूज यांनी आकडा बदलतो, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी त्यावर उभेच राहू नये. निदानासाठी डेक्सा ही क्ष-किरण तपासणी अधिक भरवशाची आहे. तीत हातापायांतील चरबीविरहित वजन मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. समजा उंची १६५ सेंटिमीटर आणि ते वजन १८ किलो असेल, तर उत्तर ६.६ येते, पुरुषांसाठी सीमा ७.० आहे, स्त्रियांसाठी ५.४. अर्थात हा आकडा एकटा निदान करत नाही. २०१९ च्या त्याच निकषांनुसार त्यासोबत पकड क्षीण असावी लागते किंवा चालणे वा उठणे मंदावलेले असावे लागते.

तेव्हा खुर्ची आणि टेप यांचे आकडे तारखेसह वहीत लिहून, व्यायामशाळेची चिठ्ठीही जोडून, वडिलांना आपल्या डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइड, मधुमेह आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही ताकद जाते, त्यामुळे रक्ततपासणीचे ते सांगतीलच.