वाचकांचे प्रश्न : पायी चालणाऱ्याचे कान आणि डोळे

या अंकासाठी आलेली पाच पत्रे एकाच विषयाची आहेत. नागपूर शहरातील रस्त्यावर जे दिसते आणि जे कानांवर पडते, त्याचा पायी चालणाऱ्याच्या मनावर आणि प्रकृतीवर काय परिणाम होतो, असे या वाचकांनी वेगवेगळ्या अंगांनी विचारले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून रामदासपेठेत राहते. सकाळी सेमिनरी हिल्सवर तासभर फिरले तरी ताजेतवाने वाटते. मात्र संध्याकाळी बारीकसारीक खरेदीसाठी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, अर्धा तास पायी गेले की घरी येईपर्यंत डोके जड होते आणि विनाकारण चिडचिड होते. मुले म्हणतात, वयाचा परिणाम आहे. तसे असेल तर तो सकाळी कुठे जातो?

उत्तर : शेवटच्या वाक्यात आपण मुलांना निरुत्तर केले आहे. वयाचा थोडा वाटा असतो, कारण गोंगाटात समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येणे वयानुसार अवघड होत जाते आणि तेवढ्याने मेंदूवरील ताण वाढतो. परंतु आपला त्रास मुख्यतः रस्त्याचा आहे.

आवाज किती मोठा आहे, यापेक्षा तो केव्हा येणार हे ठाऊक नसणे आणि तो थांबवणे आपल्या हाती नसणे, या दोन गोष्टी माणसाला अधिक थकवतात. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. अवेळी, अनियमितपणे येणारा गोंगाट ऐकलेली माणसे नंतर शांत खोलीत मुद्रितशोधनासारखे काम करताना जास्त चुका करीत आणि अवघड कोडे लवकर सोडून देत. ज्यांना आवाज बंद करण्याचे बटण दिले होते, त्यांनी ते एकदाही दाबले नाही तरी त्यांची कामगिरी चांगली राहिली. म्हणजे त्रास गोंगाट संपल्यावरही मागे उरतो. घरी पोहोचल्यावर होणारी आपली चिडचिड ही त्यातलीच आहे, असे मला वाटते. व्हरायटी चौकात पाठीमागून ऑटोचा हॉर्न वाजतो, तेव्हा तो आपल्यासाठी आहे की पुढच्या दुचाकीसाठी, हे कळण्याआधीच शरीर दचकून मोकळे झालेले असते. हॉर्नच्या जागी बासरी, तबला, व्हायोलिन यांसारख्या वाद्यांचे सूर आणण्याची कल्पना केंद्रीय मंत्री आणि आपले खासदार नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये बोलून दाखवली होती. कानाला ते सूर गोड लागतीलही, पण मागून अवचित वाजलेली बासरीसुद्धा दचकवल्याशिवाय राहणार नाही.

दुसरा भाग डोळ्यांचा. बर्डीवर चालताना आपली नजर कुठे असते, हे एकदा बारकाईने पाहावे. उखडलेला गट्टू (फुटपाथवरचा सिमेंटचा ठोकळा), नालीवरचा अर्धवट सरकलेला ढापा, फुटपाथवर आडवी लावलेली दुचाकी, तिला वळसा घालण्यासाठी रस्त्यावर टाकलेले पाऊल, त्याच क्षणी मागे वळून वाहन येत नाही ना याची खात्री, आणि कपाळाच्या उंचीवर आलेली एखाद्या ठेल्याच्या ताडपत्रीची दोरी. हे सारे लक्ष जाणीवपूर्वक द्यावे लागते आणि असे लक्ष वापरून संपते. याउलट झाडे, पाणी, पाखरे यांच्याकडे लक्ष आपोआप जाते आणि तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो, अशी मांडणी रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ मध्ये केली. मिशिगन विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात काही जणांना वृक्षोद्यानातून आणि शहराच्या गजबजलेल्या भागातून, असे दोन वेगवेगळ्या दिवशी चालायला लावले. आकडे ऐकून ते उलट क्रमाने सांगण्याची क्षमता उद्यानातील फेरीनंतर सुधारली; शहरातील फेरीनंतर तशी सुधारणा दिसली नाही. विशेष म्हणजे, कडाक्याच्या थंडीत ज्यांना ती फेरी फारशी आवडली नव्हती, त्यांनाही हा लाभ झाला. (आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी कोणी हा प्रयोग करू नये.)

बर्डीवर जाणे टाळा, असे मी सांगणार नाही. जाताना मुख्य रस्त्याला समांतर असलेली आतली गल्ली धरावी. दोन मिनिटे जास्त लागतील, पण मध्ये इमारतींची एक सलग रांग आली तरी वाहनांचा आवाज बराच उतरतो. खरेदी आटोपल्यावर महाराजबागेसारख्या ठिकाणी थोडे थांबून मग परतीला लागावे. डोके जड होण्याबरोबर चक्कर येत असेल किंवा कानांत शीळ वाजत असेल, तर मात्र रस्त्याला दोष न देता रक्तदाब आणि कान तपासून घ्यावेत.

प्रश्न : मी महालात, चितारओळीजवळ राहतो. आमच्याकडे दिवसभर आवाज असतो, गर्दी असते, तरी पायी फिरायला बरे वाटते. नोकरीसाठी वर्धा रोडवर डबल डेकर पुलाखालून चालावे लागते, तेथे गर्दी नसूनही नकोसे होते. हा केवळ सवयीचा भाग आहे का?

उत्तर : सवय आहेच, पण केवळ सवय नाही. आवाजाचा विचार निव्वळ डेसिबलमध्ये करू नये, हे कॅनडातील संगीतकार मरे शेफर यांनी १९७०च्या दशकापासून आग्रहाने मांडले, आणि आता आंतरराष्ट्रीय मानकातही परिसरातील ध्वनींची व्याख्या करताना ते माणसाला त्या ठिकाणी, त्या संदर्भात कसे जाणवतात यावर भर आहे. मूर्तिकारांच्या चितारओळीत पोळ्यापासून गणपतीपर्यंत जे कानांवर पडते, त्यातील प्रत्येक आवाजाला धनी आहे. माती मळणारा, सांगाडा ठोकणारा, भावावरून घासाघीस करणारे गिऱ्हाईक, मधूनच कोणाला तरी वरच्या मजल्यावरून मारलेली हाक. हे आवाज कुठून आणि का येतात, ते आपल्याला ठाऊक असते. त्यात माणसाचा आवाज झाकला जात नाही.

वर्धा रोडवरील हा पूल ३.१४ किलोमीटर लांबीचा आहे. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. बांधकामाची ही मोठीच कामगिरी आहे. परंतु खालून चालणाऱ्याला वाहनांचा आवाज एकदा थेट आणि एकदा काँक्रीटवर आपटून, असा दुहेरी मिळतो. शिवाय डोळ्यांना काय मिळते? खांबामागून खांब. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांचा हिशेब असा की, दर १०० मीटरला १५ ते २० दुकाने किंवा दारे असली, तर चालणाऱ्याला दर ४-५ सेकंदांनी काही नवे दिसते. महालात ते सहज दिसते. लांबलचक सपाट भिंतीशेजारून तेवढेच अंतर दुप्पट वाटते आणि माणूस पाय उचलून चालू लागतो.

रहदारीचा आणखी एक परिणाम सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲप्लयार्ड यांनी १९७२ मध्ये दाखवून दिला. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही धड नव्हता, ०.९ इतकेच. आपल्या गल्लीत ओट्यावर बसलेले चार जण अजून दिसत असतील, तर वाहने कमी असण्याचा त्यात मोठा हात आहे.

प्रश्न : मानेवाडा भागात माझी मुलगी शाळेत चालत जाते. शाळेसमोर सतत हॉर्न वाजतात. शांतता क्षेत्र म्हणजे नक्की काय, आणि तक्रार करता येते का?

उत्तर : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर त्यांनुसार शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मर्यादा ५० डेसिबल आणि रात्री ४० डेसिबल आहे. निवासी भागात ती अनुक्रमे ५५ आणि ४५, तर व्यापारी भागात ६५ आणि ५५ आहे. ही सरासरी आहे, हे लक्षात घ्यावे, कारण काही मीटरवरून वाजलेला एकटा हॉर्न सहज ९०च्या पुढे जातो. शांतता क्षेत्रात आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असेल, तर नियमांप्रमाणे तक्रार करता येते. ती वाहतूक पोलिसांकडे लेखी, वार आणि वेळ लिहून आणि शक्यतो शाळेच्या पत्रासह करावी.

तक्रारीआधी एक अप्रिय गोष्ट सांगतो. शाळा सुटताना फाटकासमोर वाजणारे बरेचसे हॉर्न पालकांचेच असतात. पालकसभेत हा विषय काढलात, तर पोलिसांपेक्षा लवकर गुण येईल. हा आवाज वर्गातही पोहोचतो, हे सभेत अवश्य सांगा. न्यूयॉर्कमध्ये रेल्वेमार्गाला लागून असलेल्या एका शाळेत गाडीच्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात मागे पडल्याचे १९७५ मध्ये आढळले होते. रुळांवर आणि वर्गांत आवाज कमी करणारे उपाय केल्यावर तो फरक मिटला.

प्रश्न : गोंगाट टाळण्यासाठी कानांत इअरफोन घालून चालले तर चालते का? — विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : रस्त्यावर नाही. गोंगाटाच्या वर ऐकू यावे म्हणून आवाज आणखी वाढवला जातो, म्हणजे कानांचा ताण कमी न होता वाढतो, आणि मागे येणारा ट्रक ऐकू येत नाही तो वेगळाच. बागेत फिरताना हरकत नाही, पण तेथे मुळात गरज काय?

प्रश्न : धरमपेठेतील आम्ही काही दुकानदार रस्ता सुशोभित करणार आहोत. भित्तिचित्रे, झाडांवर दिव्यांच्या माळा आणि मंद संगीताचे स्पीकर असा विचार आहे. ग्राहकांना प्रसन्न वाटेल ना?

उत्तर : स्पीकर वगळावेत. रस्त्यावरील आवाजात आणखी एक आवाज मिसळून प्रसन्नता येत नाही, आणि शेजारच्या दुकानदाराने स्वतःचा लावला की मंद संगीत फार दिवस मंद राहत नाही. भित्तिचित्रे चांगली, पण आधी फुटपाथ मोकळा करा. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पादचाऱ्यासाठी किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी असावी. दुकानासमोरचे फलक, पुतळे आणि आपली स्वतःची दुचाकी यांनंतर ती किती उरते, ते टेप धरून मोजा. समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी खाली उतरावे लागत असेल, तर भिंतीवरील चित्राकडे पाहायला कोणाला उसंत मिळणार?

झाडांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तीच आपल्याकडची खरी मत्ता आहे. झाडांची एकेरी रांग आवाज जवळजवळ अडवत नाही, हे खरे. पण हिरवाई नजरेसमोर असली की तोच आवाज माणसाला कमी खुपतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शिवाय एप्रिल-मेमध्ये सावली नसलेल्या फुटपाथवर ग्राहक थांबतच नाही. माळा लावायच्याच असतील तर सणापुरत्या, खिळे न ठोकता लावाव्यात आणि नंतर उतरवाव्यात. उरलेल्या पैशांतून बुंध्यांना लागून टाकलेले काँक्रीट आणि गट्टू फोडून घ्यावेत. प्रत्येक झाडाभोवती मीटरभर माती उघडी राहील, असे पाहावे आणि पावसाळ्यापूर्वी त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्यावी.