ॲडम गुड्सचं नाव निघालं की सगळे गप्प का होतात?

मेलबर्नला येऊन चार महिने झाले, सोमवारी ऑफिसात फुटीशिवाय (म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) दुसरा विषय नसतो, आणि तुम्ही सहज "गुड्स म्हणजे तोच ना, ज्याची लोक हुर्यो उडवायचे?" असं विचारलंत तर टेबल एकदम गार पडलं, असं तुम्ही लिहिलंय. तुमचं काही चुकलं नाही. त्या टेबलावरचे निम्मे लोक तेव्हा स्टँडमध्ये बसलेले असणार, एवढंच.

आधी खेळाडू म्हणून तो काय होता ते बघा, कारण हल्ली तेच मागे पडतं. जन्म १९८० चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावचा. आई आदिवासी, अद्न्यामथन्हा आणि नरुंगा समाजाची. सरकारने घरच्यांपासून तोडून नेलेल्या मुलांची जी पिढी इथे 'स्टोलन जनरेशन' म्हणून ओळखली जाते, त्यातली ती. पोरगा पुढे व्हिक्टोरियात हॉर्शमला वाढला. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सिडनी स्वान्स क्लबने त्याला ४३ व्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे आधीच्या बेचाळीस वेळा कुणालाच तो नको होता. १९९९ ला पहिला सामना, आणि त्याच वर्षी 'रायझिंग स्टार', म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचा किताब.

सव्वासहा फूट उंची, पण पळणं बुटक्या, चपळ गड्यासारखं. उंच माणसाला या खेळात सहसा एक जागा ठरवून देतात. हा रकमध्ये (पंचाने उडवलेल्या बॉलसाठीच्या झुंजीत) उड्या मारायचा, मधल्या फळीत धावायचा आणि पुढे जाऊन गोलही करायचा. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर मिळतं. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना ३, २, १ मतं देतात. गुड्सला ते दोनदा मिळालं. २००३ ला बकली आणि रिचूटो या दोन खेळाडूंबरोबर विभागून, २००६ ला एकट्याला. २००५ ची फायनल स्वान्सने फक्त चार गुणांनी जिंकली आणि क्लबचा ७२ वर्षांचा दुष्काळ संपला. १९३३ नंतर, क्लब साउथ मेलबर्न होता तेव्हापासून, ट्रॉफी नव्हती. माझं आवडतं मात्र २०१२. हॉथॉर्नविरुद्धच्या फायनलमध्ये गुडघ्यातला लिगामेंट गेला, तरी गडी मैदान सोडेना. शेवटच्या क्वार्टरमध्ये लंगडतच गोल मारला. दहा गुणांनी जिंकले. एकूण ३७२ सामने, ४६४ गोल.

आता तुमच्या प्रश्नाकडे. २४ मे २०१३, एमसीजी, कॉलिंगवुडविरुद्ध सामना. (मी कॉलिंगवुडवाला, पहिल्या घरमालकाने वर्षभरात बाटवलं.) आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाची ती फेरी होती. बरोबर वीस वर्षांपूर्वी निकी विनमार या आदिवासी खेळाडूने याच कॉलिंगवुडच्या प्रेक्षकांसमोर जर्सी वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं होतं. अशा रात्री कुंपणापलीकडून कुणीतरी गुड्सला 'एप' (वानर) म्हणालं. त्याने बोट दाखवलं, रक्षकांनी त्या व्यक्तीला बाहेर नेलं. ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की तिला झोडपू नका, तिला आधाराची गरज आहे. तिने फोन करून माफीही मागितली. मग आमच्याच क्लबच्या अध्यक्षांनी काही दिवसांत रेडिओवर त्याचं नाव किंग काँगशी जोडलं. त्या सकाळी जर्सी कपाटात आत सरकवली होती मी.

२०१४ ला तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि वर्णद्वेषाबद्दल स्पष्ट बोलत राहिला. हुर्यो वाढत गेली. मे २०१५ मध्ये कार्लटनविरुद्ध गोल मारल्यावर त्याने आदिवासी युद्धनृत्याच्या चार पावल्या टाकल्या, भाला फेकल्याचा आविर्भाव केला. सोळा वर्षांखालच्या आदिवासी मुलांच्या संघाकडून तो ते शिकला होता. झालं, पुढे त्याने बॉलला हात लावला की स्टेडियम 'बूऽ' करायचं.

लोक तुम्हाला सांगतील, "तो फ्री किकसाठी मुद्दाम पडायचा, म्हणून बू करत होतो." मला हे पटत नाही. पडणारे प्रत्येक संघात आहेत. शिवाय तो १९९९ पासून खेळत होता. चौदा वर्षं हा राग कुठे झोपला होता?

जुलैअखेर पर्थच्या सामन्यानंतर त्याने सुट्टी घेतली. पुढच्या सामन्यात तो नव्हता, तेव्हा तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला सिडनीचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, कारण त्याचा नंबर ३७. तिसरं क्वार्टर, सातवं मिनिट. परत येऊन तो थोडे सामने खेळला आणि सप्टेंबरमध्ये नॉर्थ मेलबर्नकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्येच निवृत्ती जाहीर केली. निवृत्त खेळाडूंची ग्रँड फायनलला मैदानातून फेरी निघते, त्यात गेला नाही. २०१९ ला एएफएल (फुटीची राष्ट्रीय लीग) आणि तिच्यातल्या अठराही क्लबांनी जाहीर माफी मागितली. २०२१ ला हॉल ऑफ फेम देऊ केला, तोही त्याने नाकारला. स्वान्सचाच खेळाडू मायकल ओलॉक्लिनबरोबर २००९ ला काढलेली 'गो फाउंडेशन' आदिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देते.

हे वाचून "गोरे असेच" म्हणायची घाई करू नका. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे हावभाव करणारे आपलेच होते, मुंबईचे. आणि माझंही ऐका. २०१५ ला मित्राच्या हॉलमध्ये सामना बघताना दोघेतिघे टीव्हीसमोर हसत हसत 'बू' करायचे. मी करायचो नाही. वेफर्सचा वाडगा पुढे सरकवायचो.

ऑफिसात पुन्हा विषय काढायचा असेल तर २०१२ च्या त्या गुडघ्यापासून काढा. लगेच बोलायला लागतील. मग पुढे सरकत कोण कुठवर येतं ते बघा. आमच्याकडचे एक गृहस्थ २०१३ पर्यंत आले आणि कॉफी आणायला उठले.